सा कोणाकडे?

टोपीवाले काका लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि मावशीचे शनिवार धोक्यात आले.

मावशी मोटार चालवायला शिकवते. आठवडाभर ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, आपल्या पायाशी बसवून घेतलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवते आणि घामाघूम झालेल्या माणसांना शहरभर हिंडवते. शनिवारी संध्याकाळी मात्र ती कोपऱ्यावरच्या कॉफी हाउसमध्ये गाते. काउंटरच्या बाजूला लाकडी फळ्यांचा एक बुटका मंच आहे, त्यावर ती उभी राहते. मागे उजव्या हाताला दातांचे डॉक्टर चार जाड तारांची बेस गिटार घेऊन आणि डाव्या हाताला टोपीवाले काका साधी गिटार घेऊन बसत. काकांच्या डोक्यावर घरातसुद्धा टोपी असे. टोपीखाली नक्की काय आहे यावर डॉक्टर आणि मावशी यांचं अनेक वर्षं एकमत झालेलं नव्हतं.

काका गेल्यावर कॉफी हाउसच्या मालकीणबाईंनी मावशीला सरळ सांगितलं, की गिटारशिवाय हे जमायचं नाही. लॅपटॉपवर तयार संगीत लावून गाणारा एक तरुण त्यांना विचारत होता. त्याला जागाही कमी लागत होती. मावशीने गयावया केली नाही, तिचा तो स्वभाव नाही. तिने फक्त एक शनिवार मागून घेतला. नव्या गिटारवाल्याला घेऊन येते, ऐका, मग ठरवा. मालकीणबाई पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार द्यायला तयार झाल्या.

आता नवा गिटारवाला आणायचा कुठून? मावशीची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. होस्टेलमध्ये असताना मैत्रिणीच्या गिटारवर थोडं वाजवायला शिकले होते. वाढदिवसाला, सहलीला, शेकोटीभोवती सगळे मिळून गातात त्या गाण्यांना ते पुरत होतं. मावशीच्या गाण्यांना ते पुरणार नाही, हे पहिल्याच दिवशी तिच्या स्वयंपाकघरात कळलं. मी वाजवलं, ती गायली, आणि दोन ओळींत थांबली. चुकतंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, चुकत काहीच नाही. पण तुझी गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे आणि मी हायवेवर आहे.

ती म्हणत होती ते मला ऐकू येत होतं. तिची गाणी संथ, लांब ओळींची असतात. काका त्यामागे जे वाजवत ते भरलेलं असे. नुसतं आनंदी नाही की नुसतं उदास नाही, तर संध्याकाळी घरी परतताना असतं तसं काहीतरी. माझं त्यापुढे अळणी होतं. मी काकांना फोन लावला आणि विचारलं, की तुम्ही त्या कॉर्ड वाजवता कशा? काका म्हणाले, बोटांना माहीत आहे गं, मला नाही. बोटं फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी एक पुस्तक आणलं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं आणि मी हरखून गेले. इतकी सोपी, इतकी नेमकी गोष्ट मला आजवर कुणी सांगितलीच नव्हती. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले सूर. ते निवडायची रीत अशी: एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला. सा, ग, प. शेकोटीची सगळी गाणी एवढ्यावर चालतात. पण थांबा असं कुणी म्हटलंय? तसंच पुढे गेलं तर ध सोडून नि येतो. मग सा सोडून वरच्या सप्तकातला रे. सा पासून मोजला तर तो नववा, म्हणून त्या कॉर्डला नाइन्थ म्हणतात. आणखी पुढे वरचा म, तो अकरावा. मग वरचा ध, तो तेरावा. आणि त्यापुढे? पुन्हा सा. वर्तुळ पुरं झालं. पहिल्या फेरीत सोडलेले रे, म आणि ध दुसऱ्या फेरीत आपोआप पदरात पडले. सातही सूर एकाच कॉर्डमध्ये. मूलद्रव्यांची सारणी पहिल्यांदा समजली तेव्हा जो आनंद झाला होता, तोच.

आनंद रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. जेवण झाल्यावर गिटार हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, की सूर सात आहेत आणि तारा सहा. शिवाय डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मागे धरावा लागतो, म्हणजे दाबायला बोटं चार. मी हार मानणाऱ्यातली नाही. संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि हे सगळे सूर जास्तीत जास्त कुठे कुठे दाबता येतील ते त्याला शोधायला सांगितलं. त्याने उत्तरं दिली. त्यातली बरीच उत्तरं ऑक्टोपससाठी होती. जी माणसासाठी होती त्यांनी माझ्या मनगटाची अशी अवस्था केली, की प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंनी मला जिन्यावरून पडलीस का म्हणून विचारलं.

मग मी उलट्या दिशेने निघाले. सगळं घालायचं नसेल तर काय काढायचं? हे आम्हाला शिकवलेलं असतं. मिश्रणातला एकेक घटक वगळायचा आणि काय बदलतं ते बघायचं. ग काढला तर कॉर्ड हसतेय की रडतेय तेच कळेना, म्हणजे ग हवाच. नि काढला तर वरचा रे उपऱ्यासारखा वाटायला लागला, म्हणून नि हवा. म ठेवला तर तो ग ला खेटून उभा राहिला आणि दोघं भांडायला लागले, म्हणून म ला रजा. वरच्या ध वाचून फारसं अडेना, म्हणून त्यालाही. प काढला तर काहीच झालं नाही. त्याचं कारण शोधून काढल्यावर तर मला फारच मजा वाटली. सा ची तार छेडली की तिच्या कंपनात प मुळातच दडलेला असतो. त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

राहिला सा. त्याबद्दल पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की सोबत बेस गिटार असेल तर खालचा सा त्याचा. गिटारने तो खुशाल सोडावा. एवढं ओझं उतरल्यावर माझी बोटं मोकळी झाली. ग, नि आणि वरचा रे, एवढंच मी वाजवायला लागले, आणि ते खरोखर काकांसारखं वाटायला लागलं. घरात आईने दारातून डोकावून विचारलं, की हे रेकॉर्ड लावलंयस की तू वाजवतेयस? मी ते कौतुक जपून ठेवलं.

तालमी डॉक्टरांच्या दवाखान्यात होत. शेवटचा रुग्ण गेला की ते बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला सरकवत, टेबलावरचा प्लॅस्टिकचा मोठा जबडा कपाटावर ठेवत आणि पांढरा कोट न काढताच गिटार गळ्यात अडकवत. डॉक्टर अतिशय सभ्य माणूस. जन्मभर ज्यांना उत्तर देता येत नाही अशाच लोकांशी बोलल्यामुळे असेल, ते कुणाचं मन दुखावेल असं काही बोलतच नाहीत. मावशीला ते मास्तरीणबाई म्हणतात आणि मावशी त्यांना नुसतं डॉक्टर.

पहिल्या तालमीत मी माझी कॉर्ड वाजवली, डॉक्टर बेसच्या खालच्या सुरांवर चालायला लागले, मावशीने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली ती भलतीकडूनच. म्हणजे आवाज सुंदर, शब्द नीट, पण गाणं एका घरात आणि आम्ही शेजारच्या. दुसऱ्या ओळीला ते इतकं विसंगत झालं की ती थांबली, हसली आणि म्हणाली, घसा बसलेला दिसतोय. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती डोळे उघडे ठेवून गायली आणि प्रत्येक सुरावर पाय टाकण्याआधी चाचपत राहिली, काळोखात जिना उतरावा तशी. ते ऐकवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दमला असाल मास्तरीणबाई, दिवसभर उन्हात गाडी. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, की मावशीचं वय झालं.

पुढच्या तालमीतही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मावशीने आपण होऊन कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घेतली. कान ठणठणीत निघाले. ऐकून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण ती मात्र त्या दिवसापासून जास्तच खचली. कान खराब असते तर एक वेळ यंत्र लावलं असतं, म्हणाली. कान चांगले असून सूर लागत नसेल तर गडबड आत आहे, आणि तिथे यंत्र बसत नाही.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलापाशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एरवी ती हे काम गुणगुणत करते. त्या दिवशी खोलीत फक्त कपडे झटकल्याचा आवाज होता.

"उद्या मालकीणबाईंना फोन करते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्या मुलाला घ्या म्हणते. लोकांनी कीव करायच्या आत आपण उतरावं."

"एक शनिवार तर गा."

"मी गाडी शिकवते बाळ. ज्याला समोरचं दिसत नाही त्याला मी रस्त्यावर सोडत नाही."

गाणं हे मावशीच्या आठवड्याचं एक टोक होतं. ते सुटलं तर बाकीचा आठवडा नुसता लोंबकळणार होता. आणि मग अचानक मला आमच्या प्रयोगशाळेतला आम्ल-अल्क मोजायचा मीटर आठवला. तो विचित्र आकडे दाखवायला लागला की आम्ही आधी त्याच्यावरच डाफरतो. पण डाफरून झाल्यावर एक साधी गोष्ट करतो. ज्याचा आकडा पक्का माहीत आहे अशा द्रावणात त्याला बुडवतो. तिथे त्याने बरोबर आकडा दाखवला तर मीटर निर्दोष, आणि मग संशय नमुन्यावर.

मावशीची जुनी गिटार कपाटामागे होती. ती काढली, सुरात लावली आणि तिला काही न सांगता एकच सूर छेडला. म्हटलं, याला सा धरून गाण्याची पहिली ओळ म्हण. तिने टॉवेलची घडी मोडू न देता ओळ म्हटली. केसाइतकाही फरक नाही. मग सा, ग, प अशी शेकोटीची कॉर्ड वाजवली. पुन्हा बिनचूक. मग माझी लाडकी कॉर्ड वाजवली, ग, नि आणि वरचा रे. मावशीने ओळ सुरू केली आणि ती सा वरून नाही, ग वरून. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा ग. जागा बदलून, पट्टी बदलून वाजवलं. दरवेळी नव्या पट्टीतला ग.

चुकणारा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. दरवेळी नेमका एकाच ठिकाणी पोचणारा माणूस चुकत नसतो, तो काहीतरी ऐकत असतो. मी माझी कॉर्ड पुन्हा बोटांनी चाचपली. ग, नि, रे. यात सा नाही. मग खालचा सूर कुठला? ग. मावशीला जो सूर घरासारखा वाटला तिथे ती गेली होती, आणि मी तिला दुसरं घर दिलंच नव्हतं.

पण तालमीत तर डॉक्टर होते. सा त्यांचा होता.

तालमींचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर होतं, पण फोनच्या इवल्याशा स्पीकरवर बेस गिटार ऐकूच येत नाही, म्हणून मी ते कधी नीट ऐकलं नव्हतं. आता हेडफोन लावून ऐकलं. डॉक्टर छान वाजवत होते. ग वरून प वर येत होते, प वरून नि ला हात लावून परत ग वर जात होते, ऐटीत, हातात छत्री घेऊन फिरायला निघाल्यासारखे. सा वर मात्र एकदाही थांबले नाहीत. आम्ही दोघं मिळून इमानेइतबारे ग, प, नि, रे वाजवत होतो. ती वेगळीच कॉर्ड आहे, पूर्ण आहे, आणि तिचं घर ग आहे.

मालकीणबाईंना करायचा फोन एक दिवस पुढे ढकल, एवढंच मावशीला सांगून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेले. मला थांबवत नव्हतं. डॉक्टर एका गृहस्थांच्या दाढेत काम करत होते. गृहस्थांचं तोंड उघडं, डोळे छताकडे. मी दारातूनच विचारलं, की डॉक्टर, तुम्ही सा का वाजवत नाही?

डॉक्टरांनी आरसा बाजूला केला. "मी कशाला वाजवू? खालचा सा गिटारचा असतो ना?"

"कुणी सांगितलं?"

"टोपीवाल्यांनी. पहिल्याच तालमीत. म्हणाले, खालचा सा माझ्या उजव्या अंगठ्यात आहे, तुम्ही मध्ये पाय घालू नका. तेव्हापासून मी जरा इकडेतिकडे फिरत असतो."

"इतकी वर्षं?"

"त्यांना राग येईल म्हणून पुन्हा विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे तू पण..."

खुर्चीतले गृहस्थ एकदा माझ्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघत होते. त्यांना बहुधा काही म्हणायचं होतं.

मी काकांना फोन करून खात्री करून घेतली. काका म्हणाले, सा आणि डॉक्टरांवर सोडायचा? अगं, तो माणूस भूल देऊन बाहेर फिरायला जातो. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांच्या पद्धतीत तसं चूक काहीच नव्हतं. काकांचं तंत्र काकांपुरतं बरोबर होतं, डॉक्टरांची सवय त्यांना धरून बरोबर होती आणि माझं पुस्तकही बरोबर होतं. फक्त तिन्ही बरोबर गोष्टींच्या मधोमध मावशी उभी होती आणि तिच्या पायाखाली फळी नव्हती.

संध्याकाळी तालमीच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून हे मावशीला सांगितलं. ती आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि जो आवाज ती चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्यांसाठी राखून ठेवते त्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तुला वाटलं ब्रेक यांच्या पायाखाली आहे, यांना वाटलं तुझ्या, आणि गाडीत बसलेली मी विचार करतेय की मला भिंत का दिसते."

डॉक्टरांनी माफी मागितली. मीही मागितली. मावशीने दोघांनाही तिथेच उभं ठेवलं आणि सा कोणाकडे ते आत्ताच्या आत्ता ठरवा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, मी घेतो. त्यांनी प्रयत्नही केला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते सा वर येऊन उभे राहायचे, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांची बोटं नकळत छत्री घेऊन बाहेर पडायची. जुनी सवय आठवड्यात जात नाही. शेवटी सा मी घेतला. दुसरं बोट पाचव्या तारेवर, पहिलं चौथीवर, करंगळी तिसरीवर, तिसरं दुसरीवर. सा, ग, नि आणि वरचा रे. प नाहीच, त्याला कोण विचारतो, तो डॉक्टरांच्या वाटेत आपोआप भेटत होता. बोटं ताणली जात होती, पण ऑक्टोपस व्हावं लागत नव्हतं.

मावशी गायली. पहिल्या सुरापासून घरात होती.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण गाणं संपल्यावर तिने मान वळवून विचारलं, "बरोबर होते ना मी?" पूर्वी ती असं कधीच विचारत नसे. पूर्वी गाणं संपलं की ती पाणी प्यायची. आता प्रत्येक गाण्यानंतर तेच. कधीकधी गाणं चालू असतानाच भुवया उंचावून विचारायची. आम्ही हो हो म्हणायचो, आणि आमच्या हो म्हणण्याने काही होत नव्हतं. मीटर दुरुस्त आहे हे मी सिद्ध केलं होतं, पण मीटरला स्वतःला ते पटलं नव्हतं. शनिवारी समोर माणसं असताना कुठे जरा खडखडलं तर ती आपल्याकडूनच झालं असं समजणार, आवाज आत घेणार आणि तिथेच उतरणार, हे मला दिसत होतं. आणि एकदा उतरली की पुन्हा चढणार नाही, हेही. मी एकच करू शकत होते. खडखडाट होऊ द्यायचा नाही. त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत जाता-येता, बसमध्ये, जेवताना टेबलाच्या कडेवर बोटं बसवत राहिले.

शनिवारी कॉफी हाउस बऱ्यापैकी भरलेलं होतं. खिडकीपाशी आई होती. दारापाशी मावशीकडे गाडी शिकणाऱ्यांचं एक टोळकं होतं. ते इतकं ताठ बसलं होतं की आजही परीक्षा आपलीच आहे असं वाटत असावं. मालकीणबाई काउंटरमागे कप पुसत होत्या आणि चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या.

पहिली गाणी चांगली झाली. डॉक्टर एकदा दूरवर फिरून आले, पण मी सा धरून ठेवला होता. मावशी दर गाण्यानंतर माझ्याकडे बघत होती आणि मी मान हलवत होते. शेवटी तिचं सगळ्यात आवडतं संथ गाणं आलं. ते सा वर येऊन संपतं. तालमीत ती शेवटचा शब्द म्हणून लगेच सोडून द्यायची, कारण पुढचं गाणं घ्यायचं असायचं किंवा डॉक्टरांना घरी जायचं असायचं. त्या दिवशी तिने तो सोडला नाही. सा वर आली आणि थांबली, आणि आवाज हळूहळू मोठा करत तो सूर खोलीभर पसरवायला लागली.

आणि खडखडलं.

माझ्या कॉर्डमध्ये नि होता. नि आणि सा अगदी दाराला दार लावून राहतात. सूर थोडा वेळ असेल तर ती जवळीक गोड लागते, पण तो लांबला की दोन्ही एकमेकांना घासतात आणि हवेत एक बारीक थरथर उठते. कंपनांतल्या फरकामुळे हे होतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. मंचावर बसून पहिल्यांदा कळलं, की ते दात शिवशिवल्यासारखं लागतं. आईने मान किंचित तिरकी केली. टोळक्यातल्या एकाने शेजारच्याकडे पाहिलं. आता ती आवाज आत घेणार.

मावशीने डोळे उघडले. सूर तसाच होता, जागच्या जागी. ती ऐकत होती. मला ते दिसलं, कारण इतक्या तालमींत मी तिला चाचपताना पाहिलं होतं आणि हे चाचपणं नव्हतं. तिने एकदा डॉक्टरांच्या दिशेने कान दिला, तिथे तिला काही सापडलं नाही. मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. ज्याने हँडब्रेक न काढताच गाडी चालवायला घेतली आहे, त्याच्याकडे ती जशी बघते तशी ती नजर होती. ती सा वरून हलणार नव्हती. हलायचं मला होतं.

कुठे हलायचं? नि ला काढायचं तर त्याच्या जागी काय? नि च्या खाली ध. मी करंगळी उचलली आणि पहिलं बोट आडवं टेकवलं, म्हणजे एका बोटाखाली दोन तारा आल्या. नि गेला, ध आला. सा, ग, ध आणि वरचा रे. थरथर विरघळली. मावशीच्या सुराखाली कुणीतरी सतरंजी अंथरावी तसं झालं, आणि ती त्यावर आरामात आणखी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग तिला वाटलं तेव्हा, तिला वाटलं तसं तिने गाणं संपवलं.

टाळ्या झाल्या. गाडी शिकणारे उभे राहिले. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पाणी प्यायली.

मालकीणबाई काउंटरमागून बाहेर आल्या. त्यांनी पुढच्या शनिवारी थोडं लवकर सुरू करता येईल का असं विचारलं, कारण लोक जेवायला घरी जातात. लॅपटॉपवाल्या मुलाला त्या सकाळची वेळ देणार होत्या. मग जरा घुटमळून, वाईट वाटू नये अशा बेताने त्या म्हणाल्या, "शेवटी एक क्षण जरा काहीतरी झालं, नाही का?"

डॉक्टरांनी खाली बघून गिटारची पिशवी उघडायला घेतली. मी तोंड उघडलं.

"झालं ना," मावशी म्हणाली. तिने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही चुकली. मी बरोबर होते."